घर गरिबीतून बाहेर आलं, मूल आतच राहिलं : महाराष्ट्रातल्या बालगरिबीच्या अंदाजाचं एक प्रकरण

रकाना एकच होता. वर ‘राज्यातील गरीब बालकांचे प्रमाण (टक्के)’ असं छापलेलं आणि खाली कोरी जागा. मुलांच्या पोषणावर काम करणाऱ्या एका लहानशा गटासाठी आम्ही तिघं जण महाराष्ट्रावरचं टिपण तयार करत होतो. बाकीचे रकाने दोन दिवसांत भरून झाले. हा एक तीन आठवडे कोरा राहिला, आणि अखेर भरला तेव्हा त्यात एकच आकडा मावला नाही. असं का झालं, त्याची ही हकीकत.

पहिल्या दिवशी कुणीही करेल तेच आम्ही केलं. नीती आयोगाचा जुलै २०२३चा बहुआयामी गरिबीचा, म्हणजे पोषण, शिक्षण, राहणीमान अशा अनेक बाजूंनी मोजलेल्या गरिबीचा, अहवाल उघडला. त्यात महाराष्ट्राचं चित्र उत्साह वाढवणारं आहे. २०१५-१६ मध्ये राज्यातले १४.८० टक्के लोक बहुआयामी गरीब होते, २०१९-२१ मध्ये ७.८१ टक्के. गरिबी जवळपास निम्म्यावर. देशाचा आकडा याच काळात २४.८५ वरून १४.९६ वर आला. दोन्ही वेळचे आकडे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या, म्हणजे एनएफएचएसच्या, चौथ्या आणि पाचव्या फेरीतून काढलेले आहेत.

मग आमच्यातल्या एकीने त्याच दोन फेऱ्यांची महाराष्ट्राची फॅक्टशीट शेजारी मांडली. पाच वर्षांखालच्या मुलांमधला खुजेपणा, म्हणजे वयाच्या मानाने उंची कमी : चौथ्या फेरीत ३४.४ टक्के, पाचवीत ३५.२. लुकडेपणा, म्हणजे उंचीच्या मानाने वजन कमी : २५.६ आणि पुन्हा २५.६. वयाच्या मानाने कमी वजन : ३६.० आणि ३६.१.

सर्वेक्षण तेच, फेऱ्या त्याच, राज्य तेच. गरिबी निम्मी झाली आणि मुलांची शरीरं जागची हलली नाहीत. या दोन कागदांपैकी कुठला कागद त्या रकान्यात उतरवायचा?

पैशाच्या मापाने

आधी जुनी वाट धरली. गरिबी मोजण्याची आपली परंपरा खर्चावर उभी आहे आणि तिचा एक मोठा टप्पा पुण्यातच घडला. गोखले संस्थेत वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये माणशी रोज २,२५० उष्मांक मिळतील एवढा खर्च ही रेषा धरून देशातली गरिबी मोजली. त्यावर पां. वा. सुखात्मे यांनी घेतलेला आक्षेप आजही वाचण्यासारखा आहे. एकाच माणसाची उष्मांकांची गरज दिवसागणिक कमीजास्त होते, त्यामुळे सरासरीच्या खाली खाणारा प्रत्येक जण उपाशी धरला तर संख्या फुगते, असं ते म्हणत. साताऱ्याकडचे सुखात्मे हे नमुना पाहणीच्या शास्त्रातले मोठे नाव, त्यामुळे हा वाद वरवरचा नव्हता. मात्र दोन्ही बाजूंचं माप खाण्याचं होतं. खाल्लेलं मुलाच्या अंगी लागतं का, हा प्रश्न त्या मापाच्या पलीकडचा आहे.

सुरेश तेंडुलकर समितीच्या पद्धतीने २०११-१२ मध्ये महाराष्ट्राची रेषा ग्रामीण भागात माणशी महिन्याला ९६७ रुपये आणि शहरात १,१२६ रुपये होती. त्या रेषेखाली राज्यातले १७.३५ टक्के लोक होते, ग्रामीण भागात २४.२२ आणि शहरांत ९.१२ टक्के. मुलांसाठी या पद्धतीची अडचण तिच्या भागाकारातच आहे. घराचा एकूण खर्च भागिले घरातली डोकी, की झाला माणशी खर्च. त्यात दोन वर्षांचं पोर आणि चाळीस वर्षांचा बाप एकाच मापाचे. त्यामुळे ज्या घरात मुलं जास्त, ते घर या हिशेबात आपोआप थोडं जास्त गरीब दिसतं. दुसरीकडे, घरात आलेला घास कुणाच्या ताटात पडला, हे खर्चाच्या पाहणीला कळत नाही. रेषेच्या वरच्या घरातलंही शेंडेफळ अर्धपोटी असू शकतं.

शिवाय २०१७-१८ची खर्च पाहणी सरकारने प्रसिद्धच केली नाही. म्हणजे आम्हाला हव्या असलेल्या नेमक्या काळासाठी ही वाट बंद होती.

घराला मिळणारे गुण

आता बहुआयामी निर्देशांक आतून उघडून बघणं भाग होतं. नीती आयोगाच्या पद्धतीत १२ निकष आहेत. पोषणाचं वजन एक षष्ठांश. शिक्षणाची वर्षं आणि शाळेतली हजेरी यांचं प्रत्येकी एक षष्ठांश. बाल व किशोर मृत्यू आणि मातेचं आरोग्य प्रत्येकी एक बारांश. उरलेले सात, म्हणजे स्वयंपाकाचं इंधन, शौचालय, पिण्याचं पाणी, वीज, घर, मालमत्ता आणि बँक खातं, यांचं प्रत्येकी एक एकविसांश. ज्या निकषात घर कमी पडतं त्याचं वजन बेरजेत धरायचं. बेरीज एक तृतीयांश किंवा जास्त झाली की ते घर गरीब, आणि त्या घरातलं प्रत्येक माणूस गरीब.

मी एक नमुन्याचं घर कागदावर मांडलं. धडगाव तालुक्यातलं समजा. दोन वर्षांची मुलगी कमी वजनाची : १६.६७. चूल लाकडावर : ४.७६. शौचालय नाही : ४.७६. मातीची जमीन, कुडाच्या भिंती : ४.७६. कुणाचंच बँकेत खातं नाही : ४.७६. बेरीज ३५.७१. हे घर गरीब, मुलगीही गरीब.

आता आईचं खातं उघडलं. बेरीज ३०.९५. रेषा आहे ३३.३३ ची. घर गरिबीतून बाहेर, आणि घरासोबत ती मुलगीही बाहेर. पुढे गॅस आला, शौचालय बांधलं, बेरीज २१.४३. आता तर ते रेषेपासून लांब गेलं. मुलीचं वजन मात्र पहिल्या दिवशी होतं तसंच कमी.

हा हिशेब मांडला तेव्हा आम्ही तिघंही थोडा वेळ गप्प होतो. त्यात कुठेही लबाडी नाही. खातं, गॅस, शौचालय या घरासाठी खऱ्या गोष्टी आहेत. धुरात स्वयंपाक करणाऱ्या बाईला विचारा. महाराष्ट्रात या दोन फेऱ्यांमध्ये स्वच्छ इंधन वापरणारी घरं साधारण साठ टक्क्यांवरून ऐंशीच्या घरात गेली. ही कमाई आहे आणि ती मोजायलाच हवी. पण ती घराची कमाई आहे. निर्देशांक घर मोजतो आणि उत्तर माणसाच्या नावावर लिहितो.

पोषणाच्या निकषातही मूल एकटं उभं नाही. घरातलं पाच वर्षांखालचं मूल, १५ ते ४९ वयाची बाई किंवा १५ ते ५४ वयाचा पुरुष, यांपैकी मोजलेलं कुणीही एक कुपोषित निघालं की घराला १६.६७ लागतात. एक मूल कुपोषित असो वा तीन, आई धरून चार असोत, आकडा तोच. आणि उलटही होतं : मूल धडधाकट, पण काकू अशक्त, तर ते मूल पोषणात वंचित घरातलं ठरतं. ‘गरीब मूल’ आणि ‘कुपोषित मूल’ हे दोन गट एकमेकांवर जेवढे बसतील असं वाटतं, तेवढे ते बसत नाहीत. राज्यवार तक्त्यांत मुलांचा वेगळा रकानाही नाही. आमचा कोरा रकाना तिथूनच कोरा निघाला होता.

फळीवरची मुलगी

मग दुसऱ्या कागदाची उलटतपासणी. खुजेपणाचा आकडा तरी कितपत पक्का?

दोन वर्षांखालच्या मुलाची उंची त्याला आडवं झोपवून, लाकडी फळीवर मोजतात. एक जण डोकं वरच्या पाटीला टेकवून धरतो, दुसरा गुडघे सरळ करून पायाची सरकती पट्टी टाचांना भिडवतो. मूल रडत असतं, आई शेजारी बसून त्याला चुचकारत असते, दारात शेजारच्या बायका जमलेल्या असतात. पाय पुरता सरळ झाला नाही की सेंटिमीटर इकडेतिकडे.

त्याहून नाजूक गोष्ट वयाची. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६च्या मापदंडांनुसार मुलीची खुजेपणाची सीमा २२ महिन्यांना ७८.४ सेंटिमीटर आहे आणि २३ महिन्यांना ७९.२. आता ७८.८ सेंटिमीटर भरलेली मुलगी घ्या. ती २२ महिन्यांची असेल तर ठीक, २३ची असेल तर खुजी. एका महिन्याच्या फरकाने ती आकड्यात शिरते किंवा त्यातून निसटते. ज्या राज्यात १ जून ही जन्मतारीख शाळेच्या हजेरीपटावर पिढ्यान्‌पिढ्या पसरलेली आहे, तिथे एका महिन्याची किंमत वेगळी सांगायला नको. लहान मुलांच्या बाबतीत आता माता-बाल कार्ड आणि जन्मदाखला असतो, त्यामुळे परिस्थिती पुष्कळ सुधारली आहे. जिथे कागद नाही तिथे मात्र ‘पोळ्याच्या आधी की नंतर’ अशाच प्रश्नांनी महिना पकडावा लागतो.

अशा चुका दोन्ही बाजूंना होतात आणि हजारो मुलांच्या बेरजेत बऱ्याचशा एकमेकींना खातात. म्हणून राज्याच्या पातळीवर ३४.४ आणि ३५.२ यांतला फरक ‘वाढ’ म्हणून सांगणं आम्ही पहिल्याच दिवशी खोडलं. पाचव्या फेरीत महाराष्ट्रात ३१,६४३ घरं पाहिली गेली. त्यातली पाच वर्षांखालची आठ-नऊ हजार मुलं मोजली असं धरलं आणि मुलं गावागावांच्या झुपक्यांनी निवडलेली असतात हे लक्षात घेतलं, तर खरा आकडा दीड टक्का वर-खाली असू शकतो. तेव्हा योग्य वाक्य एवढंच : खुजेपणा जागचा हलला नाही. तेही पुरेसं गंभीर आहे, कारण त्याआधीच्या दशकात तो हलला होता. २००५-०६ च्या तिसऱ्या फेरीत हा आकडा ४६.३ होता.

इथे एक आठवण करून द्यायला हवी. २०१२ मध्ये देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने युनिसेफसोबत महाराष्ट्राची खास पोषण पाहणी केली. दोन वर्षांखालच्या मुलांमधला खुजेपणा ३९ वरून २३ टक्क्यांवर आल्याचं तिच्यात दिसलं, आणि त्याची देशभर चर्चा झाली. ती झाली ते बरंच झालं. पण आजही कुणी हा २३ आणि एनएफएचएसचा ३५ शेजारी ठेवून ‘कुपोषण वाढलं’ म्हणतं, तेव्हा वयोगट वेगळे आहेत हे विसरतं. खुंटलेली वाढ पहिल्या दोन वर्षांत साचत जाते. दोन वर्षांखालच्या मुलांचा आकडा पाच वर्षांखालच्यांपेक्षा कमीच यायचा.

जिल्ह्यात उतरल्यावर

राज्याचा आकडा हाती असूनही गटाला खरी ओढ होती ती जिल्ह्यांची. नंदुरबारचं काय, पालघरचं काय, अमरावतीत मेळघाट बुडून जातो त्याचं काय? नीती आयोगाच्या २०२१च्या, चौथ्या फेरीवर बेतलेल्या अहवालात नंदुरबारमधल्या ५२.१२ टक्के लोकांची गणना बहुआयामी गरिबांत झाली होती, राज्य १५च्या खाली असताना. राज्याची सरासरी सांगताना हा आकडा डोळ्यांपुढून हलू देऊ नये असं मला मनापासून वाटतं.

पण ३१,६४३ घरं ३६ जिल्ह्यांत वाटली की जिल्ह्याला नऊशेही येत नाहीत. त्यात मोजलेली लहान मुलं दोन-अडीचशे धरा. तिथे ४५ टक्के असा आकडा आला तर तो ३७ ते ५३ यांमध्ये कुठेही असू शकतो. शेजारच्या जिल्ह्याचा ४१ आला म्हणून कुणाला पहिला, कुणाला दुसरा क्रमांक द्यायचा? फॅक्टशीटमध्ये काही आकडे कंसात असतात. ते पंचवीस ते एकोणपन्नास नोंदींवर आधारलेले असतात. पंचविसाच्या खाली गेलं की आकड्याऐवजी फुली. कंस आणि फुल्या ही त्या पत्रकातली सगळ्यात प्रामाणिक खूण आहे, आणि बातमीत येताना सगळ्यात आधी तीच गळते. पालघरची तर चौथ्या फेरीशी तुलनाच होत नाही, कारण १ ऑगस्ट २०१४ ला तो ठाण्यातून वेगळा झाला तरी त्या फेरीची जिल्हारचना २०११च्या जनगणनेची होती.

थोड्या नमुन्यावरून लहान भागाचा अंदाज काढण्याचं शास्त्र आहे, आणि ते मुलांच्या गरिबीवरच वाढलं. अमेरिकेत १९९४च्या कायद्याने जनगणना ब्यूरोवर राज्य, काउंटी आणि शाळा-जिल्हा यांच्या पातळीवर गरीब शाळकरी मुलांचे ताजे अंदाज काढण्याची जबाबदारी आली, कारण गरीब मुलांच्या शाळांचा केंद्रीय निधी त्यावर वाटायचा होता. पद्धतीचा पाया रॉबर्ट फे आणि रॉजर हेरियट यांनी १९७९ मध्ये घातला होता. कल्पना साधी आहे. पाहणीचा थेट आकडा एका हातात घ्यायचा. करविवरणं, अन्नसाहाय्य घेणारे लोक, मागची जनगणना यांवरून बांधलेला अंदाज दुसऱ्या हातात. जिथे नमुना मोठा तिथे पाहणीवर भार टाकायचा, जिथे तुटपुंजा तिथे अंदाजावर.

हे इथे करता येईल का, यावर आमचा एक आख्खा आठवडा गेला. करविवरणं आपल्या गरिबांची नसतातच. पिवळं आणि केशरी रेशनकार्ड घराची जुनी परिस्थिती सांगतं. अंगणवाडीच्या नोंदी मार्च २०२१ पासून पोषण ट्रॅकरवर आहेत, पण त्यात नाव नोंदवलेली आणि त्या महिन्यात काट्यावर आलेली मुलंच असतात. सेविकांच्या कष्टांबद्दल मला आदर आहे. एकाच बाईने वजन करायचं, दंडघेर मोजायचा, आहार वाटायचा आणि मोबाइलवर माहिती भरायची, आणि सॅमचं, म्हणजे अतितीव्र कुपोषित, मूल जास्त दिसलं तर वरून तिलाच विचारणा व्हायची! अशा नोंदी पाहणीपेक्षा कमी कुपोषण दाखवतात यात नवल नाही. अशा काठीचा टेकू घेऊन जिल्ह्याचा आकडा सरळ करायला आमचं मन धजावलं नाही.

नमुन्यात नसलेली

महाराष्ट्रातलं पाचव्या फेरीचं काम जून ते डिसेंबर २०१९ मध्ये झालं. तक्त्यावर ‘२०१९-२१’ छापलेलं असतं आणि वाचणाऱ्याला वाटतं की यात टाळेबंदीचा काळ आला. आपल्या राज्यापुरता तो आलेला नाही. हा करोनापूर्वीचा महाराष्ट्र आहे.

त्याच महिन्यांत दसरा-दिवाळी उलटली की बीडकडचे ऊसतोडीचे कोयते साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि लहान मूल सोबत. गावातल्या घराला कुलूप, आणि उसाच्या फडाशेजारची कोपी, म्हणजे त्यांची झोपडी, घरांच्या यादीत असेलच असं नाही. वीटभट्ट्यांवरची कुटुंबं, पुलाखाली राहणारी कुटुंबं यांचंही तेच. आश्रमशाळांच्या वसतिगृहात राहणारी मुलंही घरांच्या नमुन्याबाहेर. ही सगळी राज्याच्या सरासरीपेक्षा गरीब मुलं आहेत. म्हणून कुठलाही आकडा लिहिला तरी तो खऱ्यापेक्षा कमीच असण्याची शक्यता जास्त, हे आम्ही टिपणात पहिल्याच परिच्छेदात घातलं.

रकान्यात काय लिहिलं

शेवटी एक आडवाट उरली. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या जागतिक बहुआयामी निर्देशांकात भारताचे वयवार आकडे आहेत : २०१९-२१ मध्ये २१.८ टक्के मुलं गरीब, प्रौढ १३.९ टक्के, सगळे मिळून १६.४. गरीब मुलांची संख्या ९.७ कोटी. म्हणजे मुलांचं प्रमाण सरासरीच्या सव्वा पटीहून थोडं जास्त. तेच गुणोत्तर महाराष्ट्राच्या ७.८१ ला लावलं तर १०.४ येतात.

दशांश चिन्हासकट तो आकडा पाहून एकाचे डोळे चमकले; रकाना भरला! पण हे गुणोत्तर उसनं आहे. ते देशाचं, आणि त्या निर्देशांकाचे निकष १०, आपले १२. गरीब घरांत मुलं जास्त असतात म्हणून मुलांचा आकडा सरासरीच्या वर चढतो. पाचव्या फेरीत महाराष्ट्राचा एकूण जननदर १.७ होता, देशाचा २.०. इथे हे अंतर देशाइतकं नसेल, तर १०.४ जास्त ठरेल. आणि कोपीतली मुलं मोजली, तर कमी. संख्या सांगायची तर आणखी एक अडचण. २०११ मध्ये राज्यात सहा वर्षांपर्यंतची १.३३ कोटी मुलं होती. त्यानंतर जनगणनाच झालेली नाही, ती आता २०२७ मध्ये होणार आहे. टक्के कशाचे काढायचे, तो छेदच अंदाजाचा.

शेवटच्या बैठकीत रकाना उभा चिरला आणि त्याच्या तीन ओळी केल्या. पहिली : ‘गरीब घरांत राहणारे लोक, सर्व वयांचे, २०१९ : ७.८१ टक्के.’ दुसरी : ‘गरीब घरांत राहणारी मुलं : वरच्या आकड्यापेक्षा जास्त, बहुधा १० टक्क्यांच्या आसपास; देशाच्या गुणोत्तरावरून काढलेला अंदाज, पाहणी नव्हे.’ तिसरी : ‘पाच वर्षांखालची खुजी मुलं : ३५ टक्के, दीड टक्का वर-खाली, २०१५-१६ पासून बदल नाही.’

गटातल्या एका ज्येष्ठ ताईंनी वाचून विचारलं, ‘यातली आपली मुलं कुठली, दहातलं एक की तिनातलं एक?’ मी म्हटलं, ‘तिनातलं.’ त्यांनी पेन घेतलं, तिसरी ओळ कापून पहिल्या जागी लिहिली, आणि टिपण त्याच क्रमाने छापायला गेलं.